‘शेजारी’ ह्या शब्दाची कसोटी : बायबलमधील व्यवहारनीती आणि सावित्रीचे खोरे

बायबलमधील नीतिबोध मराठी ख्रिस्ती माणसाच्या नित्याच्या जीवनात आणि नात्यागोत्यांत कसा उतरला, ह्या प्रश्नाचा विचार आपल्याकडे बहुधा धर्मांतरितांच्या चरित्रांच्या आधारे झाला आहे. बाबा पदमनजी, नारायण वामन टिळक, पंडिता रमाबाई, लक्ष्मीबाई टिळक ही नावे सर्वपरिचित आहेत, आणि त्यांचे लेखन मराठी गद्याचा ठेवाच आहे. तथापि चरित्रांतून माणसाचे मतपरिवर्तन जितके स्पष्ट दिसते तितके शब्दांचे परिवर्तन दिसत नाही. नवा उपदेश जुन्याच शब्दांतून सांगावा लागतो, आणि जुने शब्द आपला जुना अर्थ सहजासहजी सोडीत नाहीत. प्रस्तुत लेखात अशा एकाच शब्दाचा मागोवा घेण्याचा हेतू आहे. तो शब्द म्हणजे ‘शेजारी’. क्षेत्र मर्यादित ठेवले आहे : रायगड (१९८१ पर्यंत कुलाबा) जिल्ह्यातील महाड व पोलादपूर हे दोन तालुके, आणि ज्या सावित्री नदीने ते समुद्राशी जोडलेले आहेत तिचे मुख.

सावित्री महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावते, पोलादपूरजवळून खाली उतरते, महाडला गांधारीचे पाणी घेते आणि दासगावावरून पुढे बाणकोटच्या खाडीत मिळते. भरतीचे पाणी महाडपर्यंत पोहोचत असल्यामुळे महाड हे आडगावातले बंदरच होते. मीठ व मासळी वर जाई, घाटावरचा माल खाली येई. एकोणिसाव्या शतकात मुंबईहून महाबळेश्वरला जाणारा साहेबही ह्याच वाटेने बाणकोट, दासगाव व पोलादपूर असा प्रवास करी. ह्या नदीच्या मुखाशी असलेला बाणकोटचा किल्ला १७५६ पासून इंग्रजांकडे होता. पेशवाईच्या अस्तापूर्वी सहा दशके त्यांचे निशाण तेथे लागले होते. १८२३ साली स्कॉटिश मिशनरी सोसायटीने आपल्या कोकणातील कामासाठी हेच ठिकाण निवडले, ह्यात त्यामुळे आश्चर्य नाही. पहिला मिशनरी डोनाल्ड मिचेल पूर्वी कंपनीच्या लष्करात होता. तो त्या वर्षाच्या आरंभी आला आणि वर्ष संपण्यापूर्वीच निवर्तला. लवकरच जेम्स मिचेल, क्रॉफर्ड, कूपर व स्टीव्हनसन हे आले. १८२७ मध्ये रॉबर्ट नेस्बिट आला. बाणकोट आणि हर्णै ही त्यांची ठाणी.

धर्मप्रसाराच्या हिशेबाने ही ठाणी फारशी फळली नाहीत. १८३० च्या सुमारास मिशनचा भार पुणे व मुंबई येथे सरकला. भाषेच्या हिशेबाने मात्र ह्या सात वर्षांचे मोल मोठे आहे. जॉन स्टीव्हनसनने पुढे १८३३ मध्ये मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले. नेस्बिटच्या मराठीची ख्याती त्याच्या हयातीतच झाली होती. जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत उतरल्यावर प्रथम मराठी शिकण्यासाठी बाणकोट-हर्णैकडेच गेला, आणि तीनच वर्षांनी, १८३२ मध्ये, त्याने हिब्रू भाषेचे प्राथमिक व्याकरण मराठीत प्रसिद्ध केले. ते ज्यांच्यासाठी लिहिले ते बेने इस्राएल, म्हणजे कुलाब्याच्या किनाऱ्यावरचे ‘शनवार तेली’. रोहेकर, पेणकर, किहीमकर अशी गावांवरून पडलेली आडनावे धारण करणारा हा समाज घरात मराठी बोले, शब्बाथ पाळी, आणि मूळ हिब्रू ग्रंथांपासून दुरावलेला होता. हिब्रू आणि कोकणातली मराठी ह्यांची गाठ प्रथम अशी पडली. आपल्या विषयाला ही गोष्ट जवळची आहे, कारण ‘शेजारी’ ह्या शब्दाचा गुंता हिब्रूतूनच सुरू होतो.

मराठी बायबलची पूर्वपीठिका थोडक्यात सांगणे पुरे. सेरामपूरला विल्यम कॅरीने पंडित वैजनाथ ह्यांच्या साहाय्याने केलेला नवा करार १८११ मध्ये निघाला; अमेरिकन मिशनचा मुंबईतला नवा करार १८२६ मध्ये, संपूर्ण बायबल १८४७ मध्ये. पंडिता रमाबाईंनी स्वतः हिब्रू व ग्रीक शिकून, साध्यासुध्या बायकांना कळावे म्हणून केलेले भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये पूर्ण स्वरूपात बाहेर पडले. ह्या सर्व खटाटोपात ज्या भागाला भाषांतरकारांचे कष्ट तुलनेने कमी पडले असावेत असे वाटते, तो भाग ‘नीतिसूत्रे’.

ह्याचे कारण उघड आहे. व्यवहारनीतीचा ग्रंथ ही मराठी मनाला, विशेषतः ह्या खोऱ्याला, अपरिचित वस्तू नव्हती. महाड तालुक्यातील शिवथरघळ ही ‘दासबोधा’ची जन्मभूमी मानली जाते; शंकर श्रीकृष्ण देवांनी १९३० मध्ये ती घळ शोधून काढली. समर्थांनी मूर्खाची लक्षणे सांगण्यासाठी समासच खर्ची घातला. शलमोनाच्या नावावर असलेल्या नीतिसूत्रांतही मूर्ख हे मुख्य पात्रांपैकी एक आहे. फरक इतकाच की हिब्रूत त्याला जाती आहेत. भोळा, सहज फसणारा तो ‘पेती’. आपल्या मूर्खपणावर खूष असणारा तो ‘केसील’. ऐकून न घेणारा हट्टी तो ‘एवील’. सगळ्याची टवाळी करणारा तो ‘लेत्स’. मराठीत ‘केसील’ आणि ‘एवील’ ह्या दोघांची बोळवण बहुधा ‘मूर्ख’ ह्या एकाच शब्दावर होते. आडमुठा असा अस्सल शब्द हाताशी असताना ती तशी का व्हावी, ह्याचे नवल वाटते.

ह्या सूत्रांतला उपदेश कोणत्या प्रसंगांना लागू पडतो हे पाहिले, तर पोलादपूरच्या एखाद्या वाडीतील वर्षभराचे तंटे समोर उभे राहतात. जुनी शीव सरकवू नये, असे तेथे दोनदा सांगितले आहे; आपल्याकडे त्याला बांध कोरणे म्हणतात, आणि डोंगरउतारावरच्या टीचभर खाचरात कोरलेला वीतभर बांधही पिढ्यानपिढ्यांचे वैर निर्माण करतो. दुसऱ्यासाठी जामीन राहून अडकलेल्या माणसाने झोप न घेता सुटकेची खटपट करावी, असा सल्ला आहे. खोट्या तराजूचा धिक्कार आहे. ‘मापात पाप’ हा आपला वाक्प्रचार त्याचाच सोयरा. विकत घेताना मालाला नावे ठेवणारा आणि घेऊन गेल्यावर फुशारकी मारणारा गिऱ्हाईक तेथे आहे, तो महाडच्या बाजारातही आहे. हातात असताना देणे उद्यावर ढकलू नये, शेजाऱ्याच्या घरी इतके वरचेवर जाऊ नये की तो कंटाळेल, भल्या पहाटे मोठ्याने आशीर्वाद देत सुटू नये (हा उपदेश ज्याने केला तो माणूस दाट वस्तीत राहत असला पाहिजे!) अशा बारीकसारीक सूचना आहेत. भांडखोर बायकोच्या सहवासाला पावसाळी दिवसाच्या अखंड गळतीची उपमा दिली आहे. पॅलेस्टाईनच्या कोरड्या प्रदेशात ती उपमा म्हणून पटत असेल. जेथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि आषाढ-श्रावणात पेंढ्याच्या छपराखाली भांडी मांडून बसावे लागते, तेथे ती उपमा उरतच नाही, अनुभव होतो.

ऋणको हा धनकोचा चाकर होतो, हे निरीक्षणही असेच. दक्षिण कुलाब्यात खोती होती. खोताचे देणे, त्याच्या शेतावरची वेठ आणि त्याच्याच कोठारातून उचललेले पावसाळ्याचे धान्य ह्यांचे चक्र कुळाला माहीत होते. खोती नष्ट करण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ च्या सप्टेंबरात मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. कायदा व्हायला १९४९ साल उजाडावे लागले. येथे नीतिसूत्रांची एक मर्यादाही लक्षात येते. ती दारिद्र्य पाहतात, दरिद्र्यावर दया करा म्हणतात, पण धनको आणि ऋणको ही व्यवस्था मोडावी असे सहसा म्हणत नाहीत. शहाणपणाचे वाङ्मय जग जसे आहे तसे गृहीत धरून त्यात कसे वागावे ते सांगते. ते सीमा ओलांडून प्रवास करते ते त्यामुळेच. बांधाचे सूत्र ज्या भागात येते त्याचे आमेनेमोपे ह्या इजिप्शियन ग्रंथाशी असलेले निकट साम्य तो ग्रंथ १९२३ मध्ये प्रकाशित झाल्यावर लगेच अभ्यासकांच्या ध्यानात आले. इस्राएलाने हा शहाणपणा शेजाऱ्याकडून उसना घेतला असणे फार संभवनीय आहे.

आता मूळ शब्दाकडे वळू. मराठी बायबलात जेथे ‘शेजारी’ आहे तेथे हिब्रूत किमान दोन शब्द आहेत. एक ‘शाखेन’ : जवळ वस्ती करणारा, राहणारा. दूरच्या भावापेक्षा जवळचा शेजारी बरा, ह्या आशयाचे जे सूत्र आहे त्यात हा शब्द येतो. ज्या घरातले कर्ते पुरुष गिरणगावात आणि म्हातारी माणसे पोलादपूरच्या वाडीत, त्या घराला ह्या सूत्रावर भाष्य नको होते. रात्री-अपरात्री आजाऱ्याला डोलीतून खाली आणायचे तर चाकरमान्या भावाचा उपयोग नसे, पलीकडच्या घरातल्या चौघांचा असे.

दुसरा शब्द ‘रेअ’. सोबती, आपल्यातला, व्यवहारातला दुसरा माणूस, असा त्याचा लवचिक अर्थ. आपल्यासारखीच त्याच्यावर प्रीती करावी ही लेवीय ग्रंथातली प्रसिद्ध आज्ञा ह्या ‘रेअ’विषयी आहे. ग्रीक नव्या करारात त्याच्यासाठी ‘प्लेसिओन’, म्हणजे निकटचा, हा शब्द आला, आणि मराठीत तोही ‘शेजारी’च झाला. भाषांतरकारांना दोष देण्यात अर्थ नाही. दुसरा जवळचा शब्द नव्हता. परंतु परिणाम लक्षात घेतला पाहिजे. ‘शेजारी’ हा शब्द ‘शेज’, ‘शेजेला’ ह्या कुळातला दिसतो. त्यात भिंतीला भिंत लागून असण्याचा अर्थ प्रधान आहे. स्त्रियांच्या ओव्यांतली ‘शेजी’ हीच : तिच्याकडून विस्तव आणावा, विरजण आणावे, तिला सुखदुःख सांगावे. आणि कोकणातल्या वाड्या जातवार असल्यामुळे भिंतीला भिंत लागून असलेला माणूस बहुतांशी आपल्याच जातीचा असे. बामणवाडी, कुणबीवाडी, महारवाडा. हिब्रू आज्ञेतला ‘रेअ’ मराठीत आला तो असा वाडीच्या कुंपणात येऊन बसला. शेजाऱ्यावर प्रीती करावी हे ऐकून कोणाही श्रोत्याने मान डोलवावी. त्यात त्याला नवे काहीच आढळू नये.

त्याच लेवीय अध्यायात थोडे पुढे परक्याविषयीही हीच आज्ञा आहे. मराठी बायबलात अशा परक्यासाठी ‘उपरी’ हा शब्द आढळतो, आणि ही निवड मला मार्मिक वाटते. मिरासदार आणि उपरी ही आपल्या जमीनमहसुलातली जोडी. उपरी म्हणजे ज्याचे गावात मूळ नाही, जमिनीवर वंशपरंपरा हक्क नाही, असा कसणारा. त्याच्यावर स्वतःसारखी प्रीती करा, हे ऐकताना मिरासदाराची मान डोलली नसावी.

लूकच्या शुभवर्तमानात धर्मशास्त्र जाणणारा एक जण येशूला नेमका हाच प्रश्न विचारतो : शेजारी कोण? त्याला कुंपण कोठवर घालायचे ते हवे आहे. उत्तरादाखल येते ती वाटेवर लुटलेल्या माणसाची गोष्ट. याजक आणि लेवी बाजूने निघून जातात, शोमरोनी थांबतो. शेवटी येशू प्रश्न उलटा करतो : तिघांपैकी शेजारी कोण झाला? भाषेच्या अभ्यासकाने ह्या क्रियापदापाशी थांबावे. ‘असणे’ जाऊन तेथे ‘होणे’ आले आहे. नीतिसूत्रांतला शेजारी आधीच असतो, आणि त्याच्याशी नीट वागायचे असते. ह्या गोष्टीतला शेजारी प्रसंगाने व्हावा लागतो. ख्रिस्ती नित्यजीवनाच्या साऱ्या उपदेशाचा पीळ माझ्या मते ह्या दोन क्रियापदांत आहे. पहिला अर्थ पाळणे सोपे, आणि तेवढ्यावर सद्गृहस्थ म्हणवून घेता येते.

शोमरोनी म्हणजे कोण, हे मराठी वाचकाला टीपेवाचून कळावे असा प्रसंग योहानात आहे. विहिरीवर येशू एका शोमरोनी बाईकडे पाणी मागतो, आणि ती आश्चर्य करते. यहूदी व शोमरोनी ह्यांच्यात संबंध नसतो असा खुलासा तेथे येतो. त्यासाठी वापरलेल्या ग्रीक क्रियापदाचा अर्थ ‘बरोबर वापरणे’ असाही होतो, आणि दोघे एक भांडे वापरीत नसत असा तो घ्यावा, असे काही अभ्यासकांचे प्रतिपादन आहे. मराठी भाषांतरांनी ‘संबंध’, ‘व्यवहार’ अशा सर्वसाधारण अर्थाचे शब्द योजले. खरे पाहता ज्या भाषेत ‘विटाळ’ हा शब्द आहे तिला भांड्याचा अर्थ जगातल्या कोणत्याही भाषेपेक्षा अधिक सहज कळला असता. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त स्वतःच्या सोवळ्याचा वृत्तान्त मोकळेपणाने सांगितला आहे. पती ख्रिस्ती झाल्यावर काही वर्षांनी त्याच्याकडे परत आलेली ही बाई आपले पाणी आणि आपली चूल वेगळी ठेवते, आणि ती मर्यादा हळूहळू गळून पडते. विश्वासाची कबुली देणे एक आणि घागर एक करणे दुसरे, हे तिच्याइतके स्वच्छ मराठीत क्वचितच कोणी सांगितले असेल.

घरातल्या नात्यांतही असाच प्रकार दिसतो. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात पत्नीने पतीच्या अधीन असावे ह्या उपदेशाच्या आधी सर्वांनी परस्परांच्या अधीन असावे असे म्हटले आहे. पतिव्रतेचा आदर्श कानी असलेल्या घराला दुसरे वाक्य मोठ्याने आणि पहिले हळू ऐकू आले, असे म्हणावयास हरकत नाही. पदमनजींच्या ‘यमुनापर्यटना’तील (१८५७) पतिपत्नी बरोबर प्रवास करतात, विधवांच्या स्थितीविषयी एकमेकांशी बोलतात, त्या काळच्या वाचकाला कथानकापेक्षा हे बोलणेच अधिक नवे वाटले असेल. सर्वनामांचाही येथे विचार झाला पाहिजे. हिब्रू व ग्रीक भाषांत आदरार्थी अनेकवचनाची आपल्यासारखी व्यवस्था नाही. मराठीत आज्ञा ‘तू’ने आली, आणि ती सर्वांना एकच आली. ज्या गावात खोताला ‘आपण’ आणि महाराला ‘अरे’ असे, तेथे दोघांना एकाच वाक्यात ‘तू’ म्हणणारा ग्रंथ वाचला जाणे ही व्याकरणातली लहानशी घटना नव्हे.

बाणकोटच्या मिशनने हे कुंपण ओलांडले काय? फारसे नाही. त्या काळच्या मिशनच्या मराठी शाळांत पंतोजी बहुधा ब्राह्मण असत आणि गावची रीत शाळेतही चाले. पण माणसे आणि पुस्तके कोठून कोठे गेली हे पाहण्यासारखे आहे. जेम्स मिचेल बाणकोटहून पुण्यास गेला. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत १८४० नंतरच्या दशकात जोतीराव फुले शिकले. आयुष्याच्या अखेरीस लिहिलेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुस्तकात (१८९१) त्यांनी असे घर कल्पिले की ज्यात एकाच कुटुंबातली माणसे निरनिराळे धर्मग्रंथ वाचून निरनिराळे धर्म स्वीकारतात, आणि एका छपराखाली प्रेमाने नांदतात. फुल्यांच्या विचारांनी प्रभावित झालेले गोपाळबाबा वलंगकर महाडजवळच्या रावढळचे. लष्करातून निवृत्त झाल्यावर त्यांनी १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ लिहून सवर्णांना जाहीर प्रश्न विचारले. नदीच्या मुखातून निघालेला धागा पुण्याला वळसा घालून खोऱ्यात परत आला, असे ह्यावरून म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. फुले ख्रिस्ती झाले नाहीत, वलंगकर झाले नाहीत, आणि त्यांच्या विचाराला स्वतःची मुळे होती. सांगायचे इतकेच की शेजारी कोण, हा प्रश्न ह्या खोऱ्यात ज्यांनी खऱ्या अर्थाने विचारला ते चर्चच्या बाहेरचे होते.

१९२३ मध्ये बोले ह्यांच्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले झाले, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला, आणि कागद कागदाच्या जागी राहिला. २० मार्च १९२७ रोजी आंबेडकर व त्यांच्या हजारो अनुयायांनी तळ्याचे पाणी घेतले. वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठली, प्रतिनिधींवर हल्ले झाले, आणि नंतर एकशे आठ घागरी ओतून तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. मुसलमानांना तळ्याचे पाणी आधीही वर्ज्य नव्हते. मार खाणाऱ्यांपैकी कित्येकांना आसरा मिळाला तो मुसलमानांच्या घरांत. डिसेंबरात, नाताळच्या दिवसांत, दुसरी परिषद भरली तेव्हा मंडपासाठी जागा मिळेना. ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. नगरपालिकेचे सुरेंद्रनाथ टिपणीस आणि अनंतराव चित्रे हे कायस्थ कार्यकर्ते आंबेडकरांच्या बाजूने उभे राहिले. ‘होणे’ ह्या क्रियापदाची उदाहरणे अशी महाडच्या रस्त्यांवर घडत होती, आणि त्यांतल्या कोणाचेही घर महारवाड्याला लागून नव्हते. तळ्याच्या दाव्याचा उच्च न्यायालयातला निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला. सवर्ण वादी हरले.

आंबेडकरांच्या मरणोत्तर प्रकाशित लेखनाच्या पाचव्या खंडात (१९८९) धर्मांतरित ख्रिस्ती माणसाच्या स्थितीवर एक प्रकरण आहे. ख्रिस्ती झाल्यावरही जात राहिली, आणि अन्यायाविरुद्ध हा समाज संघटितपणे उठला नाही, अशी त्यांची तक्रार आहे. ते टीकाकार म्हणून कठोर आहेत, पण बायबल त्यांनी बारकाईने वाचलेले होते, आणि त्यांनी लावलेली कसोटी बाहेरची नाही. ती लूकच्या गोष्टीतलीच आहे. ज्याला आपण उपदेश देतो त्याच्याकडूनच त्या उपदेशाचे परीक्षण व्हावे, असा प्रसंग वाङ्मयेतिहासात वारंवार येत नाही. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या अभ्यासात ह्या प्रकरणाला अद्याप त्याचे स्थान मिळालेले नाही.

ह्या विषयावर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी दोन दिशांनी जावे असे सुचवावेसे वाटते. एक, १८११ पासूनच्या सर्व मराठी आवृत्त्यांतील ‘शेजारी’, ‘सोबती’, ‘मित्र’, ‘उपरी’ व ‘परका’ ह्या शब्दांच्या स्थलसूची करून ताडून पाहणे. रमाबाईंची निवड कोठे वेगळी पडते हे विशेष पाहावे. दुसरे, महाड व पोलादपूर तालुक्यांतील बोलीत ‘शेजारी’, ‘वाडीवाला’, ‘गाववाला’ आणि ‘आपला’ हे शब्द कोण कोणाविषयी वापरतो ह्याची प्रत्यक्ष नोंद करणे. हे काम पावसाळ्यात करावे. तेव्हा माणसे घरी भेटतात, आणि कोणाच्या पडवीत कोणाला बसावयास सांगतात तेही दिसते.